सिलेक्टर वेळेआधी रिकामा परतत असेल तर तो नवा बांधावा की मुळाशी जावे?

बिंदुसरा, बीड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आष्टी, पाटोदा आणि शिरूर कासार या भागांतील दूध संकलन केंद्रांवर वजनकाटे आणि फॅट मोजणारी यंत्रे आहेत. ती मोबाइल नेटवर्कवरून ज्या सर्व्हरला आकडे पाठवतात, त्याची देखभाल माझ्याकडे आहे. वीज गेली की केंद्रावरचा मोडेम बंद पडतो आणि वीज आली की तो नव्याने कनेक्शन मागतो. सर्व्हर जावामध्ये लिहिलेला असून एकच थ्रेड (प्रोग्रॅममधला कामाचा एक प्रवाह) सिलेक्टरच्या साह्याने सगळे सॉकेट, म्हणजे कनेक्शनची सर्व्हरकडची टोके, सांभाळतो. कोणत्या सॉकेटवर काम आले आहे ते सिलेक्टर सांगतो, आणि 'सिलेक्ट' म्हणजे त्याची वाट पाहणे.

अलीकडे सायंकाळच्या संकलनाच्या वेळी प्रोसेसरचा एक कोर अचानक शंभर टक्क्यांवर जातो आणि रात्रभर तिथेच राहतो. आकडे येत राहतात, त्यामुळे केंद्रावरून कोणाची तक्रार नसते, मात्र नोंद उमटायला उशीर होऊ लागतो. प्रोसेसरचा वापर दाखवणारा 'टॉप' आदेश थ्रेडनिहाय लावून दोषी थ्रेडचा क्रमांक घेतला, तो हेक्समध्ये (षोडशमान पद्धतीत) बदलून, कोणता थ्रेड कोणत्या ओळीवर आहे ते सांगणाऱ्या 'जेस्टॅक'च्या यादीत शोधला, तर तो दर वेळी सिलेक्टच्याच ओळीवर सापडतो. त्याच थ्रेडला 'एसट्रेस' (कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, केलेल्या मागण्या दाखवणारे साधन) लावल्यावर असे दिसले की 'ईपोल वेट'ला (सिलेक्टर आतून वापरतो ती कर्नलची घटनांची वाट पाहण्याची सोय) एक सेकंदाचा टाइमआउट दिलेला असूनही ते तत्क्षणी परत येते आणि एक घटना असल्याचे सांगते, पण जावाच्या बाजूला निवडलेल्या कींची (की म्हणजे सिलेक्टरमधली सॉकेटची नोंद) संख्या शून्यच असते. सिलेक्ट करून काम उरकणाऱ्या लूपला करण्यासारखे काही नसते, म्हणून तो पुन्हा सिलेक्टकडे जातो आणि पुन्हा लगेच परततो.

माझे मत असे आहे की अशा वेळेआधीच्या रिकाम्या परतण्यांची मोजणी ठेवावी, ठरावीक मर्यादा ओलांडली की नवा सिलेक्टर उघडून सगळी कनेक्शन्स त्यावर हलवावीत आणि जुना बंद करावा. माझ्या सहकाऱ्याला ही निव्वळ झाकपाक वाटते. या प्रकारच्या कामाचा अनुभव असलेल्यांनी आपले मत सांगावे.

वाळूजकर

बिंदुसरा, तुम्ही जे वर्णन केले आहे ते जावाच्या जगात फार जुने दुखणे आहे आणि त्याला क्रमांकही आहे. जेडीकेच्या (जावाच्या विकास-संचाच्या) दोषनोंदीत ६४०३९३३ या क्रमांकाखाली, लिनक्सवर सिलेक्ट टाइमआउट होईपर्यंत थांबत नाही, अशी तक्रार नोंदलेली आहे.

त्यामागची यंत्रणा समजून घेतली तर पुढचे सगळे सोपे होते. एखाद्या सॉकेटकडून आपल्याला सध्या काही नको असेल तर आपण त्याच्या कीचा इंटरेस्ट (कोणत्या घटना हव्यात ती मागणी) शून्य करतो. मात्र ईपोलचा नियम असा आहे की 'हप' (कनेक्शन तुटले) आणि 'एरर' (चूक झाली) या दोन घटना आपण मागितल्या नाहीत तरी तो कळवतोच. समोरच्या बाजूने कनेक्शन रीसेट केले की कर्नल म्हणतो, घटना घडली आहे. जावा ती घटना कीच्या इंटरेस्टशी ताडून पाहते, इंटरेस्ट शून्य असल्यामुळे ती टाकून देते आणि सिलेक्ट शून्य घेऊन परतते. सॉकेट मात्र तसाच नोंदलेला राहतो, त्यामुळे पुढच्या क्षणी कर्नल तेच पुन्हा सांगतो. दोघेही आपापल्या नियमाप्रमाणे बरोबर वागतात आणि त्या दोघांच्या मध्ये प्रोसेसर जळत राहतो.

नेटी या जावाच्या नेटवर्क लायब्ररीने यावर तुम्ही सुचवता तोच उपाय केला. टाइमआउट पूर्ण न होता आणि काही काम न मिळता सिलेक्ट लागोपाठ ५१२ वेळा परतले, तर ती नवा सिलेक्टर बांधते, प्रत्येक चॅनेल (जावातला सॉकेट) आधीच्याच इंटरेस्टसह त्यावर नोंदवते, जुन्या की रद्द करते आणि लॉगमध्ये इशारा लिहिते. एखादे चॅनेल नव्याने नोंदवता आले नाही तर ते बंद केले जाते. ही मर्यादा सेटिंगमधून बदलता येते आणि तीनपेक्षा कमी आकडा दिला तर सोयच बंद होते. इतक्या ठिकाणी वापरात असलेल्या लायब्ररीने जे केले त्याला झाकपाक म्हणणे मला पटत नाही.

तुमची जावाची आवृत्ती कोणती आहे, ते मात्र सांगा.

जालनेकर

मोजणी सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी. थ्रेडवर कोणी 'इंटरप्ट' (थांबण्याची खूण) केले असेल आणि ती खूण पुसली गेली नसेल, तरीही सिलेक्ट दर वेळी लगेच रिकामे परतते. तिथे सिलेक्टर नवा बांधून काहीच साधत नाही, कारण दोष थ्रेडचा असतो. नेटीही आधी हीच खूण पाहते आणि ती असेल तर पुसून, लॉगमध्ये नोंद करून पुढे जाते. दुसऱ्या थ्रेडमधून 'वेकअप' (सिलेक्टला मध्येच उठवण्याची सूचना) वारंवार बोलावले जात असेल तरी चित्र असेच दिसते.

मांजराकाठ, लातूर

माझे मत बिंदुसरा यांच्या सहकाऱ्याच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण मी सविस्तर सांगतो. लूप गरगरत आहे हे लक्षण आहे, आणि या एका लक्षणाची कारणे पुष्कळ आहेत. नवा सिलेक्टर बांधण्याची सवय लागली की माणूस कारण शोधणे सोडतो.

माझ्या पाहण्यातले सर्वांत सामान्य कारण म्हणजे लिहिण्याचा इंटरेस्ट कायम चालू ठेवलेला असणे. सॉकेटच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) जागा असेपर्यंत तो लिहिण्यास सदैव तयारच असतो, त्यामुळे सिलेक्ट कधीच झोपत नाही. पाठवायचे काही शिल्लक असेल तेव्हाच हा इंटरेस्ट लावावा आणि रांग रिकामी होताच काढावा. दुसरे कारण म्हणजे समोरच्याने कनेक्शन सभ्यपणे बंद केल्यावर 'रीड' उणे एक परत देते, त्याची दखल न घेणे. तो सॉकेट बंद केला नाही किंवा त्याचा वाचनाचा इंटरेस्ट काढला नाही, तर तो कायमचा 'वाचण्यास तयार' राहतो.

तिसरे कारण जास्त घातक आहे. प्रक्रियेला मिळालेले फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइली आणि सॉकेटचे क्रमांक, संपले (लिनक्सवर नेहमीची सौम्य मर्यादा १०२४ असते) की 'ॲक्सेप्ट' (नवे कनेक्शन घेणे) अपयशी ठरते, पण रांगेतले कनेक्शन तिथेच राहते आणि ऐकणारा सॉकेट पुन्हा पुन्हा 'तयार' म्हणून समोर येतो. यावर मर्यादा वाढवणे हे झालेच, शिवाय ॲक्सेप्ट चुकल्यावर थोडा वेळ नवी कनेक्शन्स घेणे थांबवावे. नेटीचा नेहमीचा सर्व्हर अशा वेळी एक सेकंद थांबतो. आणखी एक जुनी युक्ती अशी की एक डिस्क्रिप्टर राखीव म्हणून उघडून ठेवायचा, अडचणीच्या वेळी तो सोडून आलेले कनेक्शन घ्यायचे, लगेच बंद करायचे आणि राखीव पुन्हा उघडायचा. त्यामुळे समोरच्याला निदान स्पष्ट नकार तरी कळतो.

या तिन्ही प्रकारांत सिलेक्ट शून्य घेऊन परतत नाही, काही ना काही घेऊनच परतते. म्हणजे 'रिकाम्या परतण्यांची' मोजणी यांतले काहीच पकडणार नाही आणि कोर मात्र तसाच जळत राहील.

वाळूजकर

मांजराकाठ साहेब, आपण सांगितलेली तिन्ही कारणे खरी आहेत, पण ती आपल्या प्रोग्रॅममधली आहेत आणि ती दुरुस्त करणे आपल्या हातात आहे. धागाकर्त्यांकडे संख्या शून्य आहे, हे त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिले आहे. त्यामुळे त्यांच्या बाबतीत ही मोजणी योग्य जागी लागते.

आपल्या मुद्द्यावरून एक सुधारणा मात्र मी आनंदाने मान्य करतो. मोजणी केवळ रिकाम्या फेऱ्यांची न ठेवता निष्फळ फेऱ्यांची ठेवावी, म्हणजे ज्या फेरीत एकही बाइट वाचला गेला नाही, लिहिला गेला नाही, कनेक्शन घेतले किंवा मिटवले गेले नाही आणि रांगेतले कामही झाले नाही, ती प्रत्येक फेरी मोजावी. मग आपली तिन्ही कारणेही पकडली जातात. फक्त निष्फळ फेरीत की निवडल्या गेल्या असतील तर सिलेक्टर न बांधता त्या कींचा तपशील लॉगमध्ये लिहावा.

पूर्णाकाठ, हिंगोली

मी या कामात नवीन आहे, म्हणून विचारते. रात्री दोन वाजता कोणतेच संकलन नसते. त्या वेळी क्रॉन (ठरलेल्या वेळी काम चालवणारी सोय) लावून सर्व्हर रोज पुन्हा सुरू केला तर हा प्रश्नच उरणार नाही ना?

नांदेडकर

ताई, प्रश्न योग्य आहे आणि अनेक ठिकाणी हेच केले जाते. पण सायंकाळी सात वाजता गरगरू लागलेला लूप रात्री दोनपर्यंत तसाच राहील, आणि नेमके त्याच वेळात काम असते. शिवाय सर्व्हर पुन्हा सुरू केला की सगळी यंत्रे एकाच क्षणी कनेक्शन मागतात. लिनक्स ५.४ च्या आधीच्या कर्नलवर ऐकणाऱ्या सॉकेटच्या रांगेची कमाल मर्यादा मुळात १२८ होती, त्यानंतर ती ४०९६ झाली. रांग भरली की मोडेम पुन्हा प्रयत्न करतात, आणि सगळ्यांनी ठरावीक अंतरानेच प्रयत्न केला तर तीच गर्दी पुन्हा उसळते. यंत्रांच्या प्रोग्रॅममध्ये पुनर्प्रयत्नाचे अंतर वाढते आणि थोडे यादृच्छिक ठेवणे हा त्यावरचा इलाज आहे. सिलेक्टर नवा बांधताना मात्र सहसा एकही कनेक्शन तुटत नाही, हा त्या उपायाचा मोठा गुण आहे.

आता मूळ विषयाबद्दल. मांजराकाठ म्हणतात की नवा सिलेक्टर बांधणे म्हणजे कारणाकडे पाठ फिरवणे. पण एक प्रकार असा आहे की जिथे दुसरा इलाजच उरत नाही. मी सी भाषेत काम करतो, तिथे तो उघड दिसतो. ईपोलमधली नोंद डिस्क्रिप्टरच्या क्रमांकाशी जोडलेली नसते, कर्नलमधल्या उघड्या फाइलशी जोडलेली असते. आपण मध्येच एखादी उपप्रक्रिया सुरू केली, समजा अहवालाची पीडीएफ बनवणारी, आणि सॉकेटवर 'क्लोज ऑन एक्झेक' (नवा प्रोग्रॅम सुरू होताना हा डिस्क्रिप्टर आपोआप बंद करा) ही खूण लावायची राहिली, तर त्या सॉकेटची एक प्रत उपप्रक्रियेकडे जाते. आपण आपल्याकडचा सॉकेट बंद केला तरी उघडी फाइल जिवंत राहते आणि ईपोल तिच्या घटना आपल्याला सांगतच राहतो. आता ती नोंद काढायची म्हटले तर ज्या क्रमांकाने काढायची तो आपण बंद केलेला आहे, त्यामुळे कर्नल नकार देतो. ईपोलचा डिस्क्रिप्टरच बंद करून नवा उघडणे हाच मार्ग राहतो.

हे डोळ्यांनी पाहता येते. 'प्रॉक' (कर्नलची माहिती दाखवणारा फोल्डर) खाली त्या प्रक्रियेच्या 'एफडीइन्फो' फोल्डरमध्ये ईपोलच्या क्रमांकाची फाइल उघडली की प्रत्येक नोंदलेल्या सॉकेटची एक ओळ मिळते. 'टीएफडी' म्हणजे सॉकेटचा क्रमांक आणि 'इव्हेंट्स' म्हणजे मागितलेल्या घटना, हेक्समध्ये. फक्त वाचन मागितले असेल तर १९ दिसते, कारण वाचनाच्या १ मध्ये कर्नल स्वतःहून एररचे ८ आणि हपचे १० मिळवतो. जिथे नुसते १८ दिसेल, तिथे कोणी काहीही मागितलेले नाही. आणि यादीतला क्रमांक 'एफडी' (उघड्या डिस्क्रिप्टरांच्या) फोल्डरमध्येच नसेल, तर ते वर सांगितलेले भूत समजावे.

तेरणाकाठ, धाराशिव

चर्चा गरगरणाऱ्या लूपची चालली आहे, पण त्याच कुळातला उलटा दोष मला अधिक भीतीचा वाटतो, कारण त्यात प्रोसेसर शांत असतो आणि कोणालाच संशय येत नाही. ईपोल एज-ट्रिगर पद्धतीने (घटना फक्त बदल झाल्यावर एकदाच कळते) वापरला आणि सॉकेट 'आता काही नाही' असे उत्तर येईपर्यंत पूर्ण उपसला नाही, तर उरलेला मजकूर बफरमध्ये पडून राहतो आणि नवे काही येईपर्यंत घटना पुन्हा मिळत नाही. यंत्र उत्तराची वाट पाहते, सर्व्हर यंत्राची वाट पाहतो.

याची खूण कनेक्शन्सची यादी देणाऱ्या 'एसएस' या आदेशात मिळते. एखाद्या कनेक्शनची 'रीसीव्ह क्यू' (न वाचलेले बाइट) शून्याच्या वर आहे आणि पुन्हा पुन्हा पाहिले तरी हलत नाही, असे दिसले की समजावे. सावरण्यासाठी बराच वेळ गप्प असलेल्या सॉकेटची नोंद 'मॉड' (बदल) करून ताजी करावी. त्या वेळी कर्नल सॉकेटची स्थिती नव्याने तपासतो आणि मजकूर पडून असेल तर घटना देतो.

वीज गेल्यामुळे अर्धवट उघडी राहिलेली कनेक्शन्स हाही याच घरातला विषय आहे. मोडेम बंद पडताना निरोप देत नाही. लिनक्सचे टीसीपी कीपअलाइव्ह (समोरचा जिवंत आहे का याची विचारणा) चालू केले तरी पहिली विचारणा ७२०० सेकंदांनी होते, म्हणजे दोन तासांनी. त्यानंतर ७५ सेकंदांच्या अंतराने नऊ विचारणा होतात. सायंकाळच्या संकलनासाठी हे आकडे निरुपयोगी आहेत, ते सॉकेटनिहाय कमी करावेत किंवा यंत्राकडून ठरावीक वेळाने हजेरी घ्यावी.

जालनेकर

वॉचडॉगवर (प्रोग्रॅम गप्प झाला तर तो पुन्हा सुरू करणाऱ्या पहारेकऱ्यावर) विसंबणाऱ्यांसाठी एक सूचना आहे. 'सिस्टमडी'च्या (लिनक्सवरच्या सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) वॉचडॉगला खुशालीचा निरोप लूपच्या प्रत्येक फेरीत पाठवला जात असेल, तर गरगरणारा लूप निरोगी लूपपेक्षाही नियमाने निरोप पाठवतो. खुशाली प्रत्यक्ष झालेल्या कामाशी जोडलेली असावी, उदाहरणार्थ लूपने स्वतःशीच उघडलेल्या एका कनेक्शनवरून लहानसा संदेश जाऊन परत आला, तरच निरोप पाठवावा.

मांजराकाठ, लातूर

नांदेडकर यांचा मुद्दा मला मान्य आहे. भूतनोंदीच्या बाबतीत नवा ईपोल हाच इलाज ठरतो, हे मी आधी विचारात घेतले नव्हते. तरी मर्यादेचा प्रश्न उरतो. ५१२ हाच आकडा का? आणि वेळ कोणत्या घड्याळाने मोजायची? भिंतीवरच्या घड्याळाने मोजली आणि एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणाऱ्या सोयीने) वेळ मागे ओढली, तर पूर्ण थांबून आलेले सिलेक्टही 'वेळेआधी' परतल्यासारखे दिसेल.

वाळूजकर

घड्याळ नेहमी एकाच दिशेने चालणारे घ्यावे, जावामध्ये 'नॅनोटाइम'. आकड्याचे म्हणाल, तर तो काहीशे धरला किंवा काही हजार, तरी फारसा फरक पडत नाही, कारण खरोखर गरगरणारा लूप काहीशे फेऱ्या डोळ्याची पापणी लवायच्या आत पुऱ्या करतो. फार लहान धरला तर मात्र दोन-चार निरुपद्रवी वेकअपमुळे उगाच पुनर्बांधणी होईल. मोजणी सलग फेऱ्यांची असावी आणि एकदा जरी सिलेक्टने पूर्ण वेळ घेतला किंवा काम आणले, तरी ती पुन्हा सुरुवातीला यावी, हे आकड्याहून अधिक महत्त्वाचे आहे.

बिंदुसरा, बीड (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. वाळूजकर साहेबांनी आवृत्ती विचारली होती. सर्व्हरवर जावा ६ ची अगदी सुरुवातीची आवृत्ती आहे, कारण फॅट यंत्राच्या पुरवठादाराने दिलेली लायब्ररी त्यापुढे चालत नाही, असे पूर्वीपासून सांगितले गेले आहे.

काल सायंकाळी कोर चढल्याबरोबर नांदेडकर यांनी सांगितलेली फाइल उघडली. शंभराच्या आसपास ओळींवर १९ होते आणि तीन ओळींवर नुसते १८. ते तिन्ही क्रमांक 'एफडी' फोल्डरमध्ये होते, म्हणजे ती भुते नव्हती. 'एलसॉफ'मध्ये (उघड्या फाइलींची यादी देणारा आदेश) मात्र त्यांच्यापुढे प्रोटोकॉल ओळखता येत नाही असा शेरा होता आणि 'एसएस'मध्ये ते दिसतच नव्हते. आमच्या प्रोग्रॅममध्ये डेटाबेस मंदावला की ज्या केंद्राची रांग वाढली त्याचे वाचन थांबवले जाते, म्हणजे इंटरेस्ट शून्य केला जातो. त्याच वेळी केंद्रावरची वीज जाऊन येते, सर्व्हरने जुन्या कनेक्शनवर पाठवलेल्या पोचपावतीला रीसेटचे उत्तर मिळते, आणि वाळूजकर यांनी सांगितलेली साखळी पूर्ण होते.

एक शंका मात्र आता अधिक पक्की झाली आहे. नव्या सिलेक्टरवर सगळ्या की आहेत त्याच इंटरेस्टने नोंदवल्या, तर हे तीन मृत सॉकेटही शून्य इंटरेस्टने तिथे जातील आणि नवा सिलेक्टरही लगेच गरगरू लागेल, असे मला वाटते.

नांदेडकर

तुमची शंका योग्य आहे. जेटी या जावाच्या वेब सर्व्हरच्या जुन्या आवृत्त्यांनी याच दोषावर वेगळी वाट धरली होती. वेळेआधी रिकामे परतणे वाढले की आधी शून्य इंटरेस्टच्या की रद्द करायच्या, आणि तेवढ्याने भागले नाही तरच सिलेक्टर नवा बांधायचा, तोही शून्य इंटरेस्टच्या की मागे सोडून. तुमच्या परिस्थितीला हा क्रम चपखल बसतो. की रद्द करून लगेच एकदा 'सिलेक्ट नाऊ' (न थांबता होणारे सिलेक्ट) बोलवा, कारण रद्द केलेली की कर्नलमधून पुढच्या सिलेक्टच्या वेळीच निघते. पुढे त्या केंद्राची रांग ओसरली की चॅनेल पुन्हा वाचनासाठी नोंदवा. सॉकेट मृत असेल तर पहिलेच वाचन अपवाद (एक्सेप्शन) फेकेल आणि तो रीतसर बंद होईल.

जेडीकेच्या पुढच्या आवृत्त्यांत हीच दुरुस्ती आतमध्ये आहे. इंटरेस्ट शून्य झाला की ती ईपोलमधली नोंदच काढून टाकते, त्यामुळे हपला यायला दार उरत नाही.

मांजराकाठ, लातूर

मग तर आपले मतभेद मिटल्यातच जमा आहेत. शून्य इंटरेस्टच्या की रद्द करणे हा मुळावरचा उपाय, आणि पुनर्बांधणी ही न सापडलेल्या कारणांसाठी. फक्त पुनर्बांधणी झाली की त्या क्षणीची 'एफडीइन्फो' फाइल लॉगमध्ये उतरवून ठेवा, जुना सिलेक्टर बंद करण्यापूर्वी. एकदा बंद केल्यावर तो पुरावा मिळत नाही. आणि तासाभरात दुसऱ्यांदा पुनर्बांधणी झाली तर फोनवर संदेश जाईल अशी व्यवस्था करा.

पूर्णाकाठ, हिंगोली

हलवताना एखाद्या केंद्राला अर्धी पोचपावती गेलेली असेल आणि अर्धी बाकी असेल, तर तिचे काय होते?

वाळूजकर

ताई, उरलेला भाग कीला जोडलेल्या 'अटॅचमेंट'मध्ये असतो. नवी नोंद करताना तीच अटॅचमेंट द्यायची आणि लिहिण्याचा इंटरेस्ट कायम ठेवायचा, म्हणजे पाठवणे जिथे थांबले तिथून पुढे चालू होते. मात्र प्रोग्रॅममध्ये दुसरीकडे कुठे जुनी की साठवून ठेवलेली असेल, तर तिथेही नवी घालावी लागते. रद्द झालेल्या कीवर इंटरेस्ट बदलू पाहिला तर अपवाद येतो. आणि हे सगळे लूपच्याच थ्रेडवर करावे, दुसऱ्या थ्रेडवरून नको.

बिंदुसरा, बीड (धागाकर्ता)

आमच्याकडे की तीन वर्गांमध्ये साठवलेली आहे, ती आता चॅनेलवरून विचारून घ्यायची असे बदलत आहे. शून्य इंटरेस्टची की रद्द करण्याचा भाग आज चाचणी सर्व्हरवर चढवला. वाचन थांबवलेले असताना दुसऱ्या संगणकावरून 'लिंगर' शून्य करून सॉकेट बंद केला, म्हणजे मुद्दाम रीसेट पाठवला. जुन्या प्रोग्रॅममध्ये कोर ताबडतोब चढतो. नव्यामध्ये मोजणी मर्यादेपर्यंत जाते, एक की रद्द होते आणि 'ईपोल वेट' पुन्हा पूर्ण एक सेकंद थांबू लागते. पाटोद्याच्या केंद्रांवर हा बदल आधी लावतो आणि सहकाऱ्याला हा धागा वाचायला देतो. पुरवठादाराकडे नव्या जावावर चालणाऱ्या लायब्ररीची लेखी मागणीही आजच पाठवली आहे.